नेम मोडण्याचा नेम

(एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २)

काम न करणाऱ्या माणसासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. रिकामटेकडा, उडाणटप्पू, ऐतखाऊ, उनाड, टवाळ, भटक्या! आमच्या लोणंदच्या एस. टी. स्टँडवर पाच मिनिटे उभे राहिले तर आणखी चार कानावर पडतील, पण ते छापण्याजोगे नाहीत. मात्र हातातले काम समजून-उमजून, तारीख ठरवून खाली ठेवणाऱ्या आणि ठरल्या दिवशी परत येऊन ते पुन्हा उचलणाऱ्या माणसाला काय म्हणायचे? असा शब्द मी बरेच दिवस शोधत होते. मला एकच सापडला: वारकरी.

माणसाने अधूनमधून आपला नित्यक्रम मुद्दाम मोडावा, त्याने बुद्धी ताजी होते, नवे सुचते, चारचौघांना बरोबर घेऊन चालण्याची ताकद अंगी येते, असे अलीकडे व्याख्यानांतून फार ऐकू येते. हे सांगणारे पाहुणे बहुधा शहरातले असतात आणि त्यांच्या बोलण्यातला 'ब्रेक' म्हणजे डोंगरातले हॉटेल, समुद्रकाठ, निदान महाबळेश्वर तरी असते. अशाच एका व्याख्यानाचा गोषवारा मी घरी सांगितला, तेव्हा वडिलांनी वैरण टाकता टाकता शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हशीला सांग बाय हे. ती घिईल का बिरेक?" सगळे हसले, मीही हसले. पण नंतर वाटले, की या एका वाक्यात पाहुण्यांच्या तासाभराच्या व्याख्यानाला न सुचलेला प्रश्न आहे. ज्याच्या दारात दुभते जनावर आहे, ज्याचा कांदा शेतात उभा आहे, ज्याच्या घरात हजेरीवर जाणारे हात आहेत, त्याने नित्यक्रम मोडायचा कसा? आणि मोडला तर त्याची किंमत कोणी द्यायची?

वडिलांचा विनोद एका अर्थाने चुकीचाही आहे. जनावराला सुट्टी देण्याची रीत आपल्याकडे आहे! आषाढात आमच्या सातारा-सांगलीकडे बेंदूर येतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात, बेंदराच्या दिवशी मानेवर जू ठेवत नाहीत, पुरणपोळीचा घास देतात. बैल मिरवून आला की दुसऱ्या दिवशी पुन्हा कुळवाला. आता ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, ही गोष्ट वेगळी. पण ज्या कुणब्याने हा सण घातला त्याला एवढे नक्की कळत होते, की जू कधी काढायचे ते जो ठरवतो तोच खरा नांगरट जाणतो.

बैलाला एक दिवस मिळाला. माणसाला किती? आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी निघते आणि आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपूर. अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट. अडीच-तीन आठवडे घर, गोठा, शेत, भाऊबंदकी, सोसायटीचे कर्ज, सगळे मागे. नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घालून पालखी आमच्या सातारा जिल्ह्यात येते आणि पहिला मुक्काम आमच्या लोणंदला असतो. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब, तिथे पहिले उभे रिंगण. त्यामुळे लोणंदच्या मुलांना वारी पुस्तकातून शिकावी लागत नाही. ती दारातूनच जाते.

लहानपणापासून पाहून माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे. वारी म्हणजे आराम नव्हे. घरच्यापेक्षा तिथला नेम कडक. पहाटे अंधारात उठायचे, ओढ्यावर नाहीतर टँकरखाली अंघोळ करायची, आपल्या दिंडीचा क्रमांक सोडायचा नाही, रांगेतली जागा सोडायची नाही, चालताना अभंगांचा क्रमसुद्धा ठरलेला. रथापुढच्या २७ दिंड्यांचा मान आणि क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मग याला सुट्टी कशी म्हणायची? माझे मत असे, की खरी सुट्टी कामापासून नसतेच. ती आपल्या नेहमीच्या जागेपासून असते. घरात तुम्ही थोरली सून असता, धाकटा दीर असता, अमक्याचा कर्जदार असता, तमक्या वाड्यावरचा गडी असता. दिंडीत ते ओळखपत्र चालत नाही. तिथे समोरचा आधी वाकून तुमच्या पायाला हात लावतो, मग तुम्ही त्याच्या. वयाचा, मानाचा हिशोब होण्याच्या आतच दोघे वाकलेले असतात.

ज्या माणसाने या सोहळ्याला आजचे रूप दिले त्याची हकिकत आमच्याच जिल्ह्यातली आहे, आणि ती पाठ्यपुस्तकात का नाही याचे मला नवल वाटते. साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतराव पवार ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. नोकरी करून गावाकडे परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना अडकवले, तिथे हरिपाठ म्हणत त्यांनी दिवस काढले आणि सुटका झाल्यावर घरची वाट सोडून ते आळंदीला गेले, असे सांगतात. कथा म्हणून ती बाजूला ठेवली तरी पुढचे काम डोळ्यांसमोर आहे. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्र पालखीतून नेण्याची प्रथा पाडली होती. हैबतबाबांनी १८३२ च्या सुमारास ज्ञानेश्वरांचा पालखी सोहळा स्वतंत्र केला. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आले, ते आजही तिथूनच येतात. तंबू, तळ, कूच, क्रम, भालदार-चोपदार! हे सगळे कोठून आले? छावणीतून आले. आयुष्यभर जे लष्करात केले तेच त्यांनी इथे केले. फक्त तलवारीच्या जागी टाळ आणि शत्रूच्या मुलखाच्या जागी पंढरपूर.

नवे सुचणे म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. नवे आकाशातून पडत नाही. ते जुनेच असते, फक्त उचलून दुसऱ्या जागी ठेवलेले. ग्वाल्हेरच्या छावणीत राहून हैबतरावांना छावणीचा हा उपयोग सुचला असता का? नोकरीत असताना तंबू हा तंबूच असतो. नोकरी सुटली, जागा बदलली, आणि मग त्याच तंबूत भजन होऊ शकते हे दिसले. आळंदीच्या देवळाची पहिली पायरी त्यांच्या नावाने पुजली जाते. सरदारकीत राहिले असते तर त्यांचे नाव आज एखाद्या जुन्या बखरीच्या तळटीपेत तरी असते की नाही कोण जाणे.

आता पुढारीपणाविषयी. हा शब्द आपल्याकडे इतका मळला आहे, की तो लिहिताना संकोच वाटतो. आमच्या भागात पुढारी म्हणजे पांढरे कपडे, मागे चार गाड्या आणि चौकातला फलक. त्या शब्दाला थोडे धुऊन घ्यायचे असेल तर पालखीच्या तळावर समाजआरतीच्या वेळी जावे. मी लोणंदच्या तळावर ती अनेकदा पाहिली आहे. नजर पोचेल तिथवर माणूस. शेकडो टाळ, मृदंग, कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येऊ नये असा गजर. पालखी मध्ये ठेवली जाते, चोपदार हातातला चोप उंच करतो, एक आरोळी देतो, आणि सगळे गप्प! हातात लाठी नाही, तोंडाला कर्णा नाही. आमच्या वर्गात साठ मुले गप्प करायला काय काय करावे लागते ते आमच्या प्राध्यापकांनाच विचारा.

पण खरी गंमत त्यानंतर आहे. सगळे टाळ थांबले असताना एखादी दिंडी मुद्दाम टाळ वाजवत राहते. याचा अर्थ त्या दिंडीची काही तक्रार आहे. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, तक्रार ऐकून घेतो, ती वर पोचवतो आणि निर्णय आणतो. हरवले-सापडलेल्या वस्तूंची नावे पुकारली जातात. मग आरती. म्हणजे पुढाऱ्याने शांतता कशासाठी करायची? आपले भाषण ऐकवण्यासाठी नव्हे. कोणाचा टाळ अजून वाजतो आहे ते ऐकू यावे म्हणून! आमच्याकडची ग्रामसभा, सोसायटीची वार्षिक सभा, इतकेच काय आमच्या कॉलेजातली वर्गप्रतिनिधींची बैठक, यांत कोठे ही रीत असेल तर मला दाखवा.

हे झाले सोहळ्याचे. आता घरचे सांगते, कारण त्यावाचून माझे म्हणणे पुरे होणार नाही. माझी आजी गेली बरीच वर्षे वारी करते. घरात आजीला कोणी काही विचारत नाही. कांदा आता विकायचा की चाळीत ठेवायचा, बोअर कोठे घ्यायचे, चुलत बहिणीचे स्थळ कसे आहे, या बैठकी बाप्यांच्या. आजी चहा आत-बाहेर करते. तीच आजी दिंडीत गेली की शंभर-सव्वाशे माणसांच्या स्वयंपाकाची मुख्य! मी एकदा तळावर तिला भेटायला गेले तर ओळखू येईना. पदर खोचलेला, हातात उलथने, आणि "तांदूळ आत्ताच भिजवायचा न्हाई, पाऊस यील, चुली बदलाव्या लागतील" असे एका धिप्पाड बुवांना ठणकावत होती. बुवा "व्हय मावशी" म्हणून निघून गेले. आमच्या घरात तिचा एवढा एक शब्द कधी चालल्याचे मला आठवत नाही.

वारीहून परतली की आजीचा आवाज बदललेला असतो. चार-सहा दिवस ती स्वयंपाकघरातूनच बाहेरच्या बैठकीत तोंड घालते. नागपंचमीपर्यंत तो आवाज टिकतो, मग पुन्हा खाली येतो. हे मी लपवत नाही. खंडाचा गुण कायमचा टिकतो असे सांगणाऱ्याने एकदा आमच्या घरी येऊन राहावे. पण सगळेच विरून जात नाही. एका वर्षी दिंडीतल्या परभणीकडच्या बायकांनी तिला त्यांच्या बचत गटाचे सांगितले. चालताना पायाला काम असते, तोंडाला नसते. पंधरा दिवसांत त्या गटाचे सगळे हिशोब आजीच्या डोक्यात बसले. तिला सही येत नाही. परत आल्यावर तिने आळीतल्या नऊ जणी गोळा केल्या आणि गट सुरू केला. माझी अकरावीची फी त्या गटाच्या कर्जातून भरली आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि त्या पायरीचे पैसे आले परभणीच्या बायकांशी वाटेत झालेल्या गप्पांतून. घरी राहिली असती तर आजीला त्या बायका कोण भेटवणार होते?

एवढे वाचून कोणाला वाटेल, की वारीला गेले की सगळे आपोआप सरळ होते. तसे नाही. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात आपल्या दिंडीचे वर्णन केले आहे. बरोबर चालणाऱ्या, एकच अभंग म्हणणाऱ्या बायका जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळ्या बसत, हे त्यांनी फार खेदाने लिहिले आहे. आणि ज्या विठोबाच्या दारी हे सगळे चालत जात, त्याच्या देवळाचे दार अस्पृश्य म्हटलेल्या बांधवांना १९४७ पर्यंत बंद होते. ते उघडावे म्हणून साने गुरुजींना पंढरपुरात १ ते १० मे असे दहा दिवस उपोषण करावे लागले, त्याआधी महाराष्ट्रभर दौरा काढावा लागला. शतकानुशतके लोक नेम मोडून निघत होते, पण मनातला एक नेम बरोबर गाठोड्यात बांधून नेत होते. गाठोड्यात काय घेतले आहे ते पाहिले नाही तर वाट कितीही लांब असली तरी माणूस जिथल्या तिथेच राहतो.

मानसशास्त्राच्या तासाला आम्हाला ग्रॅहम वॉलस यांचे विवेचन शिकवतात. १९२६ मध्ये त्यांनी नवे सुचण्याच्या पायऱ्या सांगितल्या: आधी तयारी, मग उबवण, मग एकदम उजेड, मग पडताळा. यातली उबवणीची पायरी वर्गात फार जणांना पटेना. काम सोडून दिले तर काम कसे होईल? प्राध्यापकांनी प्वाँकारे या फ्रेंच गणितज्ञाचे उदाहरण दिले. तो एका प्रश्नाशी झुंजत होता, तो सोडून भूगर्भशास्त्राच्या सहलीला गेला, कूतांस गावी गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी उत्तर समोर उभे राहिले. मुलांनी वहीत उतरवून घेतले. मला मात्र आमची खुडूक कोंबडी आठवली. ती दिवस दिवस अंड्यांवर बसते, पण रोज एकदा उठते. दाणे टिपते, पाणी पिते, उकिरड्यात पंख झाडून घेते आणि परत येऊन बसते. उठलीच नाही तर ती मरेल, फार वेळ उठली तर अंडी गार पडतील. खंड केवढा असावा हे तिला कोणत्या पुस्तकाने शिकवले? आणि एक गोष्ट तर विसरूच नये: आधी अंडी असावी लागतात! ज्याने तयारीच केली नाही त्याने सहलीला जाऊन काय उबवायचे? प्वाँकारे गाडीत बसण्याआधी कित्येक दिवस टेबलाशी बसला होता.

इथे माझ्या मैत्रिणीने घेतलेला एक आक्षेप मांडला पाहिजे, कारण तो मजबूत आहे. ती म्हणाली, "आपल्या बायकांच्या ओव्या सुट्टीत झाल्या का? जात्यावर झाल्या! बहिणाबाई चौधरींनी कोणता ब्रेक घेतला होता?" खरे आहे. बहिणाबाईंची गाणी शेतात, घरात, काम करता करता जन्मली. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि ती गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये लोकांसमोर आली. मग नित्यक्रमातच निर्मिती होते, तो मोडायचा कशाला? मी यावर पुष्कळ विचार केला. दळताना हात गुंतलेले असत पण मन मोकळे असे, आणि समोर दुसरी बाई बसलेली असे. पहाटेचा तो तास सासूच्या, नवऱ्याच्या, पोरांच्या हाकेआधीचा होता. कामाच्या आतच काढलेली ती एक चोरटी फट होती. जाते गेले, गिरणी आली, कष्ट वाचले, फार चांगले झाले. कोणी पुन्हा जात्यावर बसा म्हणत असेल तर त्याने आधी स्वतः पायली दळून दाखवावी. पण ती फट मात्र गिरणीत हरवली. आता जी फट उरते तीत मोबाईल येऊन बसतो. बस थांब्यावर येईपर्यंतची दहा मिनिटे, दूध तापेपर्यंतची पाच मिनिटे, सगळी त्याने आधीच गिळलेली. त्याला आपण 'जरा विरंगुळा' म्हणतो, पण आता तोच सगळ्यात पक्का नित्यक्रम झाला आहे.

नुसता खंड पडला म्हणून काही होत नाही, याचा अनुभव तर आमच्या पिढीने घेतलाच आहे. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे शाळा बंद होत्या. वारीसुद्धा चालली नाही, पादुका एस. टी. ने पंढरपूरला गेल्या आणि लोणंदचा पालखीतळ मोकळा राहिला. त्या दिवसांत मोबाईलवर एक गोष्ट फार फिरत होती: १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिजचे विद्यापीठ बंद पडले, न्यूटन घरी गेला आणि तिथे बसून त्याने मोठमोठे शोध लावले, तेव्हा मुलांनो, तुम्हीही वेळ वाया घालवू नका. आम्ही काही न्यूटन झालो नाही. आमच्या वर्गातली तीन मुले कांदा भरायला जाऊ लागली आणि परत आली नाहीत. दोन मुलींची लग्ने झाली. न्यूटनच्या आईलाही त्याने शेती बघावी असे वाटत होते, हे मी नंतर वाचले. त्याला त्यातून सोडवणारे मास्तर आणि मामा भेटले. लादलेला खंड आणि निवडलेला खंड यांत हाच फरक आहे. एकाला परतीची तारीख असते, दुसऱ्याला नसते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचाही नित्यक्रम मोडतो, दुष्काळात जनावरे घेऊन छावणीला जाणाऱ्याचाही मोडतो. त्याला सर्जनशीलतेचे नाव देणे ही क्रूर थट्टा होईल.

आता कॉलेजविषयी, कारण हे मासिक कॉलेजचे आहे. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा त्यांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले, ही गोष्ट चरित्रांतून सर्वांनी वाचलेली असते. (आमच्या प्राचार्यांनी हे वाक्य वाचले नाही तर बरे.) टिळकांना ते वर्ष पुढे जन्मभर पुरले. पण आमच्यासारख्या मुलीने एक वर्ष सोडले तर पुढच्या वर्षी तिच्यासाठी कॉलेज नसते, मांडव असतो! म्हणून पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना 'जरा मोकळे व्हा' हा उपदेश करणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावे, की आम्हाला खंड नको असतो असे नाही, आम्हाला परतीची हमी हवी असते.

ती हमी देणारी एक गोष्ट कॉलेजात आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली, आणि तिचे हिवाळी शिबिर म्हणजे सात दिवस एका गावात राहून बंधारा घालणे, झाडे लावणे, पाहणी करणे. सात दिवस, आठव्या दिवशी पुन्हा वर्गात! आमच्या वर्गातली एक मुलगी, जिने वर्षभरात 'हजर' याखेरीज शब्द उच्चारला नव्हता, तिने शिबिरात बंधाऱ्याच्या दगडांची रांग लावली. कोणी तिला नेमले नव्हते. रांग अडखळत होती, दगड पायावर पडायची वेळ आली होती, ती पुढे झाली आणि एकाआड एक मुले-मुली उभी करून हातोहात दगड पुढे जाऊ लागले. घरी वीटभट्टीवर तिने हे रोज पाहिलेले होते. वर्गातल्या बाकावर त्या ज्ञानाला किंमत नव्हती, कारण तिथे फक्त हात वर करून उत्तर देणारेच हुशार. हैबतबाबांचा तंबू आणि या मुलीची रांग यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

पण शिबिराला मुली किती येतात? नाव देणाऱ्या वीस, प्रत्यक्ष येणाऱ्या आठ. "शिकाया घातलंय, रानोमाळ हिंडाया न्हवं," हे वाक्य बाराजणींच्या घरी सारखेच ऐकू आले. वास्तविक मुलींना सुट्टी कसली? सुट्टी लागली की मुलगे सुट्टीवर जातात आणि मुली घरकामावर हजर होतात. दिवाळीची सुट्टी म्हणजे आमच्यासाठी फराळ, सारवण, धुणे, काढणी. आम्ही कॉलेज उघडण्याची वाट पाहतो ती विद्येच्या ओढीने असेलच, पण बसायला मिळते म्हणूनही असते! तेव्हा माझी मागणी आहे, की शिबिराची परवानगी मागणारे पत्र मुलीच्या हाती देऊन कॉलेजने मोकळे होऊ नये. बाईंनी नाहीतर सरांनी घरी यावे, आईशी बोलावे, परत कोणत्या गाडीने आणणार ते सांगावे. घरच्यांना तारीख आणि माणूस कळला की ते सोडतात. वारीला सोडतातच ना?

आणि इथेच वडिलांचा म्हशीचा प्रश्न पुन्हा येतो. आजी वारीला जाते तेव्हा तिचे काम कोण करते? आई करते. आपले आणि तिचे. भाकरी, धारा, शेण, पोरांचे डबे, वरून पालखी लोणंदला आली की घरी उतरणाऱ्या पंचवीस-तीस वारकऱ्यांचा स्वयंपाक. वारीला गेलेल्याच्या पाया गाव पडते. मागे राहून चूल पेटती ठेवणाऱ्याच्या पाया कोण पडतो? वारीवर लिहिणारे लेखकही, अगदी स्वतः चालून 'पालखी' लिहिणारे दि. बा. मोकाशीसुद्धा, शेवटी चालणाऱ्यांबद्दलच लिहितात. ते साहजिक आहे, पण प्रत्येकाच्या खंडामागे कोणाचा तरी दुप्पट नेम उभा असतो आणि तो दुप्पट नेम वर्षानुवर्षे एकाच माणसाच्या वाट्याला येत असेल तर त्या घरातला खंड हा एकाचा मोक्ष आणि दुसऱ्याची वेठ ठरतो. खंड फिरता असावा. बेंदराला दावणीतले सगळे बैल सुटतात, त्यांत थोरला-धाकटा नसतो.

माझी आई चाळीस वर्षांची आहे. लोणंदमध्ये राहून, दारातून दरवर्षी पालखी जात असून, तिने चांदोबाच्या लिंबाचे रिंगण एकदाही पाहिलेले नाही. त्या दिवशी आदल्या रात्रीची भांडी असतात. येत्या आषाढात तिने निदान लोणंदपासून फलटणपर्यंत दोन मुक्काम चालावे असे मी आणि आजीने ठरवले आहे. आजी त्या वर्षी फलटणनंतर दिंडीला गाठ घालील, तोवर घरी राहील. धारा मला काढता येतात. भाकरीचे बघता येईल. वैरणीचे आणि सकाळी डेअरीला दूध घालण्याचे वडिलांनी करावे असे सुचवले आहे. वडिलांनी अजून होकार दिलेला नाही; पण परवा त्यांनी आईला विचारले, की तुझ्या चपला एवढे चालायला टिकतील का.